उपरण्याखालचा सौदा

माझा हात पुढे झालेला होता. टाइमआउटची शिट्टी झाली की तो आपोआप पुढे होतो, त्यात माझा काही विचार नसतो. आमच्या कोचनी, नानांनी, खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, आणि माझ्या हाताच्या वीतभर पलीकडे, पार्थच्या हातावर टाकलं. मग स्वतःचा हात त्याखाली घातला आणि नेहमीसारखे आभाळाकडे बघत उभे राहिले. माझा हात तसाच हवेत. ओम आणि बन्सी बघत होते, किंवा कोणीच बघत नसेल, मलाच तसं वाटलं असेल. मी तो हात हळूच मागे घेतला आणि चड्डीला पुसला. घाम पुसायलाच काढला होता असं दाखवण्याइतकं शहाणपण मला अजून आहे. खेळ पुन्हा सुरू झाला. समोर कॉलेजची पोरं होती, रविवारचा सरावाचा सामना, हरण्याजिंकण्याला काही अर्थ नव्हता. तरी त्यानंतर मी दोन पास थेट त्यांच्या हातात दिले, आणि त्यातला एक तर इतका सरळ होता की त्या पोरानं मला "थँक्यू काका" म्हटलं. काका! छत्तिसाव्या वर्षी माणूस काका होतो हे मला मान्य आहे. पण ते मैदानावर ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

उपरण्याचं हे प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. आमचे नाना, म्हणजे गोरक्षनाथ, मूळचे काष्टीचे. त्यांचे वडील पुंजाराम तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचा सौदा तिथे तोंडानं होत नसे. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर उपरणं पडे, आणि खाली बोटं बोलत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, मूठ आवळली की पाच. शेकडा की हजार ते बैलाकडे बघून दोघांनाही ठाऊक असे. चेहरे मात्र कोरे. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नसे, आणि सौदा फिसकटला तरी चारचौघांत कोणाचं नाक कापलं जात नसे. नाना फौजेत गेले, तिथे बास्केटबॉल शिकले, निवृत्त होऊन केडगावात आले, आणि शेवग्याच्या झाडाशेजारच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून त्यांनी पोरं जमवली. फौजेतून त्यांनी सगळं आणलं, ओरडणं तेवढं आणलं नाही. म्हणत, "तिथं एवढं ऐकलंय का आता जल्मभर पुरंल." दुसरे कोच टाइमआउटमध्ये पोरांच्या अंगावर धावून जातात, पाटीवर रेघोट्या मारतात. नाना कॅप्टनच्या हातावर वडिलांचं उपरणं टाकतात. एक बोट म्हणजे चेंडू आत, उंच माणसाला. दोन बोटं म्हणजे कोपऱ्यात, नेमवाल्याला. मूठ म्हणजे सगळ्यांनी वर जाऊन अडवा. अंगठा चोळला की दमानं घ्या. आणि कॅप्टनलाही बोलता येतं. पटलं तर तळव्यावर दाबायचं, पटलं नाही तर नख रोवायचं. नख रोवलं की नानांनी हात सोडून नव्यानं बोट धरायचं, हा नियम. सौदा एकट्याचा नसतो, असं पुंजाराम म्हणायचे म्हणे.

तो हात इतकी वर्षं माझा होता. विशीत असताना मला त्याची लाज वाटायची. पुण्याची पोरं आम्हाला बघून हसायची, आणि दोन पुरुष कापडाखाली हात धरून आभाळाकडे बघतायत हे दृश्य काही फार मर्दानी नसतं. मग हळूहळू त्या हाताची सवय झाली. खरखरीत, कोरडा, नेहमी गरम. माझ्या वडिलांनी माझा हात शाळेच्या पहिल्या दिवशी धरला असेल तेवढाच, नंतर त्यांनी मला पाठीवर थाप मारली, कान धरला, पण हात काही धरला नाही. मी नानांवर प्रेम करतो हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, आणि नानांना सांगितलं असतं तर त्यांनी तोंड फिरवून बन्सीला बुटाची नाडी बांधायला लावली असती. पण करतो. म्हणूनच त्या रविवारी मला एवढं लागलं. परक्याच्या वागण्याचं माणूस एवढं मनावर घेत नाही.

यंदा आम्हाला सगळे दावेदार म्हणतात. पुढच्या महिन्यात सांगलीला राज्याची क्लब स्पर्धा आहे, आणि आमचं शेवगा मंडळ म्हटल्यावर आता लोक हसत नाहीत. पूर्वी हसायचे. एक काळ असा होता की आमच्याकडे पाच माणसं जमत नसत आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला बूट घालून आम्ही पाचवा म्हणून उभा केलाय. पहिल्याच सामन्यात गारद होऊन संध्याकाळच्या आत घरी. त्या काळातले बाकीचे सगळे गेले, कोणी एमआयडीसीत, कोणी पुण्याला, कोणी नुसतेच घरी. मी राहिलो. मग लोकांनी सल्ले दिले की बाहेरचे खेळाडू आणा, एखादा पुढारी गाठा, मुंबईचा कोच आणा. नानांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कोणाचंच ऐकलं नाही. नवा खेळाडू आला की ते त्याला चेंडू देतच नसत, आधी मैदानाला दोन चकरा चालायला लावत, आणि मागून बघत. बैल आधी चालवून बघतात, दात नंतर. ओम त्यांना शिर्डीत दिसला. त्याच्या आईबापांचं फुलांचं दुकान, आणि आढ्याला हार टांगायला त्यांच्याकडे शिडी नव्हती, ओम होता. बन्सी त्यांच्याच गावचा. तो म्हणे शेताच्या बांधावर बसून ढेकूळ मारून पाण्याच्या मोटारीचं लाल बटण दाबायचा, उठून जायचा कंटाळा म्हणून. नानांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसले. "आळशी हाय, पन नेम बघा त्याचा," हे त्यांनी बन्सीच्या वडिलांना कौतुक म्हणून सांगितलं होतं. आणि हे सगळे नाना जोडीनं बघत. एकटा बैल कितीही जोराचा असला तरी जोड जमली नाही तर नांगराचं तास वाकडं जातं, म्हणून ओमला बन्सीची जोड, आत एक आणि कोपऱ्यात एक. शेवटी पार्थ आला, इंजिनिअरिंगचा मुलगा, हलका, लाजरा, हरणासारखा सुटणारा. तो माझ्याच जागेवर खेळायचा. नानांनी त्याला माझी जोड लावली. शिकाऊ गोऱ्ह्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतात, त्याला तास कळेपर्यंत. कळल्यानंतर जाणत्याचं काय करतात ते मी नानांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

स्कूटर पुणे रस्त्यानं घराकडे नेताना मी हेच घोळवत होतो. दुकानांच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच आहे. लिहिणारा हात आणि बोलणारं तोंड यांचं एकमत व्हायला वेळ लागतो. डावा गुडघा ठणकत होता. हा ठणका पावसाळ्यापासून आहे. मी त्यावर पट्टा बांधतो आणि वरून लांब चड्डी घालतो, आणि मैदानावर शक्यतो उजवीकडेच वळतो. हे घराबाहेर कोणालाही माहीत नाही. निदान मी तसं समजत होतो. रुपालीनं दार उघडलं, माझ्याकडे न बघता गुडघ्याकडे बघितलं आणि मलमाची डबी आणायला आत गेली.

"नानांना सांगितलं का?" ती आतूनच म्हणाली.

"काय?"

"आता काय म्हणजे? गुडघ्याचं."

"सांगून? यंदा जिंकायचंय, रुपाली."

"जिंकायचंय तर आधी सांगायला पाहिजे." ती डबी घेऊन आली आणि माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा बघून थांबली. "काय झालं हो?"

मी उपरण्याचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं मलम गुडघ्यावर थापलं. "एवढंच ना? तोंड बघून मला वाटलं कोणी गेलं की काय." मग चोळता चोळता म्हणाली, "माझ्यावर एवढे कधी रुसला नाहीत तुम्ही."

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्यांकडे माझं लक्ष नव्हतं. मला एवढंच कळत होतं की इतकी वर्षं मी या संघाचा हमाल होतो, न्हावी होतो, ड्रायव्हर शोधणारा होतो, आणि आता पहिल्यांदा चषक हाताशी आला असताना मला तो मैदानावर उभं राहून हवा होता. घामानं भिजून. बाकावरून उठून टाळ्या वाजवत नको होता. यात थोरपणा काही नाही, पण होतं ते असं होतं. आणि नानांना हे माहीत असूनही त्यांनी हात बदलला होता. मला मागच्या वर्षीची उपांत्य फेरी आठवली. आठवली कसली, ती गेलीच कुठे होती. दाताच्या फटीत बडीशेपेचं सालपट अडकावं तशी ती वर्षभर माझ्यात अडकून होती. एका गुणानं मागे होतो, घड्याळात उरलेली सेकंदं बोटांवर मोजण्याइतकी. टाइमआउट. उपरणं पडलं. नानांनी एक बोट धरलं, म्हणजे चेंडू ओमला. मला समोर दिसत होतं की ओमवर दोघं बसलेत आणि कोपऱ्यात बन्सी मोकळा सुटणार आहे. मी नख रोवलं. नानांनी बोट सोडलं नाही. मी पुन्हा रोवलं, चांगलं जोरात. ते तसेच आभाळाकडे बघत, बोट धरून, आणि वर मान हलवली, झालं ठरलं म्हणून. मी चेंडू ओमला दिला. दोघांनी तो त्याच्या हातातून उपसून घेतला. मी त्यानंतर कधीच ती गोष्ट काढली नाही. इतकी वर्षं माझ्या नखाला मान होता, आणि मोक्याच्या क्षणी नानांनी तो राखला नाही, एवढंच मी मनात धरून बसलो. आता तर हातच काढून घेतला. म्हणजे उतरणीला लागलोय मी, नख रोवणारा नकोच त्यांना आता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनबाई दुकानात आल्या. नानांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. माझं चष्म्याचं दुकान केडगावच्या चौकात आहे, आणि माई दर दोन महिन्यांनी काडी सैल झाली किंवा घट्ट झाली असं काहीतरी काढून येतात. खरं म्हणजे त्यांना गप्पा मारायच्या असतात. माझ्या मनात नानांवरचा राग होता, पण माईंचा चष्मा हातात घेतल्यावर तो राग कुठे ठेवायचा ते कळेना. मी काडी गरम करून वाकवत बसलो.

"ह्यो कान दुखतोय बघ," माई म्हणाल्या. "आन तुज्या नानांला जरा समजावून सांग बाबा. माजं ऐकत न्हाईत. परवा गॅसवरचं दुधाचं पातेलं उघड्या हातानं उतरवलं. चांगलं उकळतं दूध. मी आरडले, तर मलाच म्हनले, काय झालं गं?"

"भाजलं नाही?"

"भाजलं तर! फोड आले टचाटच. पन त्यांला कळलंच न्हाई. साखरंनं बोटं मेलीत, डॉक्टर म्हनतो. लई दिस झालं त्याला. सदऱ्याची बटनं बी मीच लावून देते." मग माझ्याकडे बघून त्या थबकल्या. "तुला म्हाईत असंल की. रोज हात धरता तुमी."

"नाही माई."

"अगं बया! सांगितलं न्हाई व्हय तुला? मग मी बी न्हाई सांगितलं, बरं का." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली, मी लहान असल्यासारखी.

त्या गेल्यानंतर समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता त्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. वरचं मोठं अक्षर सगळ्यांना दिसतं. दिवसभर मी लोकांना विचारतो, आता दिसतंय का, आणि आता, आणि ही काच लावल्यावर? आणि ज्या हातात माझा हात इतकी वर्षं होता तो हात मेला हे मला दिसलं नव्हतं. लई दिस झालं, माई म्हणाल्या. किती दिवस? मागच्या वर्षी सांगलीची ती उपांत्य फेरी झाली तेव्हाही? नानांनी माझं नख धुडकावलं नव्हतं. त्यांना ते कळलंच नव्हतं. कापडाखाली मी नाही नाही म्हणून ओरडत होतो आणि ते शांतपणे आभाळाकडे बघत समजत होते की वाल्मिकला, म्हणजे मला, पटलं. आणि मी मूर्ख, वर्षभर त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होतो. राग गेला की हलकं वाटतं म्हणतात. मला अजिबात हलकं वाटलं नाही. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि नानांच्या घराकडे निघालो.

नाना अंगणात बाजेवर बसले होते. उन्हं उतरलेली. मला बघून सरकले आणि जागा केली. मी शेजारी बसलो तसे ते ओमबद्दल बोलायला लागले, की ओम चेंडू पकडल्यावर खाली वाकतो, त्याची ती खोड मोडली पाहिजे. मी त्यांचा डावा हात हातात घेतला. उघडाच, कापडाशिवाय. त्यांना ते विचित्र वाटलं असेल, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे फोड होते. मी तळव्यावर नख ठेवलं आणि रोवलं. नाना बोलत राहिले. ओमनं कोपरं बाहेर काढावीत. मी आणखी रोवलं. ओमच्या आईला सांगून त्याला दूध वाढवायला पाहिजे. माझ्या नखाची चंद्रकोर त्यांच्या तळव्यावर उमटली, पांढरी, मग लाल, आणि नाना ओमची आई किती चांगली आहे ते सांगत होते. मला पुढचं बघवेना. मी त्यांचा हात तसाच धरून त्यावर मान घातली. तेव्हा ते बोलायचे थांबले.

"मालननं सांगितलं का?" नाना म्हणाले.

"नाही. म्हणजे, त्यांनी सांगितलं नाही असं सांगायला सांगितलंय."

नाना हसले. मग हसू ओसरलं. "कापडाखाली किती बोटं धरलीत त्येबी कळंना मला. एक की दोन. अंदाजानं धरतो. तू लगेच वळखलं असतंस. पार्थ पोरगं हाय. ते धरल्यालं बोट बघतं आन पळतं. उलटं काय सांगतच न्हाई. मला उलटं कळत न्हाई, त्याला उलटं बोलायचं न्हाई. जुळलं."

"जुळलं नाही नाना. असा संघ शेवटच्या मिनिटाला हरतो." आणि मग ते तोंडातून निघून गेलं. "मागच्या वर्षी हरला तसा. मी नख मारलं होतं. दोनदा. ओमला नको, बन्सीला द्या म्हणून."

नाना माझ्याकडे बघत राहिले. तळव्यावरच्या लाल खुणेकडे त्यांची नजर गेली, मग पुन्हा माझ्याकडे. असा चेहरा मी त्यांचा बघितलेला नव्हता, आणि सांगितल्याचा मला तत्क्षणी पश्चात्ताप झाला. "नख मारलं हुतंस?" ते हळू म्हणाले. "आन मी म्हनलं, वाल्मिकला पटलं. मी घरी येऊन मालनला सांगितलं, वाल्मिकला बी पटलं हुतं, मग नशीबच म्हनायचं." आतून माई चहाला हाक मारत होत्या, आम्ही दोघंही उठलो नाही. "मग वरीसभर तू काय समजत हुतास मला?"

"सोडा ना."

"न्हाई, सांग."

"हेकट म्हातारा," मी म्हणालो. नाना मोठ्यानं हसले, आणि डोळे पुसले, आणि ते नेमकं कशानं भरले होते ते मी विचारलं नाही. मग मी त्यांना म्हटलं की आता तोंडानं बोलायचं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. समोरच्या संघानं ऐकलं तर ऐकू दे. आणि ज्याला पटणार नाही त्यानंही तोंडानंच सांगायचं, कॅप्टन असो की कोणी असो. दावेदार संघ उंचीनं होत नाही, ओमपेक्षा उंच माणसं कोल्हापूरकडेही आहेत. समोरच्याला चुकतंय म्हणणारा कोणीतरी आत लागतो. मी हे सगळं भाषणासारखं बोललो. नाना मान हलवत होते. गुडघ्याचं मात्र मी तेव्हाही बोललो नाही. तशी संधी होती, दोन माणसं अंगणात, एकानं आपलं झाकलेलं उघडं केलंय. पण दुसऱ्याचं दुखणं ऐकायला आणि माझं सांगायला वेगवेगळं धाडस लागतं, आणि माझ्याकडे त्या दिवशी पहिलंच होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा कॉलेजची पोरं. अर्ध्याहून जास्त खेळ झाल्यावर आम्ही थोडे मागे पडलो आणि नानांनी टाइमआउट घेतला. सवयीनं माझा हात पुढे, पार्थचाही पुढे. नानांनी उपरणं काढलं, त्यानं तोंड पुसलं आणि परत खांद्यावर टाकलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "हातं खाली घ्या," नाना म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की शेवग्याखाली बसलेलं कुत्रं उठून गेलं. "माज्या बोटांला आता कळत न्हाई. तवा तोंडानं बोलनार. वाल्मिकनं चेंडू वर न्यायचा, ओमला आत द्यायचा. कुनाला पटत नसंल तर बोला." ओम बुटांकडे बघत होता. "बोला की," नाना पुन्हा म्हणाले. बन्सी डोकं खाजवत म्हणाला, "नाना, सवय न्हाई." सगळे हसले, मीही हसलो, जरा मोठ्यानंच, कारण ही सगळी माझीच कल्पना होती आणि मला तिचं कौतुक वाटत होतं.

"मी बोलू?" पार्थ म्हणाला.

"बोल."

"वाल्मिकदादांना बसवा." त्याचे कान लाल झाले होते. "त्यांचा डावा गुडघा चालत नाहीये. बरेच दिवस. ते डावीकडे वळतच नाहीत. या पोरांना पण कळलंय, ते दादांना उजवीकडेच दाबतात आणि तिथे दुसरा उभा असतो. सांगलीला तर पहिल्या दोन मिनिटांत कळेल सगळ्यांना. मी नेतो चेंडू. दादांनी शेवटी यावं, थोडा वेळ. तेवढं त्यांना जमतं." आणि मग माझ्याकडे बघून, "सॉरी दादा."

पहिल्यांदा मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच. मी शिकवलेला मुलगा, माझ्याच बाटलीतलं पाणी पिणारा, आणि चारचौघांत, कापड न टाकता, भर उन्हात. नाक कापलं जाऊ नये म्हणून पुंजारामांच्या बाजारात उपरणं असायचं, ते मीच काढायला लावलं होतं. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांना गुडघ्याचं माहीत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि आता त्यांना आठवत असणार, मी कुठे कुठे कसा वळलो ते. ओम, बन्सी, सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मला कळलं की ते पार्थचं काय होतंय ते बघतायत. मी आता नुसता डोळे वटारले असते, किंवा हसण्यावारी नेलं असतं, तरी पुरलं असतं. पार्थ परत कधी बोलला नसता, आणि तो नाही म्हणून बाकीचेही नाही. आम्ही सांगलीला गेलो असतो, दहा हुशार, आज्ञाधारक, मुकी पोरं, आणि मी उजवीकडे वळत राहिलो असतो. चषक मला उभं राहून हवा होता. तो मी त्या क्षणी माझ्या हातानं सोडला, आणि सोडताना हात फार जड झाला हे खोटं कशाला सांगू.

"डावीकडेच नाही," मी म्हणालो. "मागेही सरकता येत नाही मला. आणि उडी मारली की खाली येताना देव आठवतो." मी चड्डी वर करून पट्टा दाखवला. "हा पावसाळ्यापासून आहे. पार्थ बरोबर बोलतोय. अजून कोणाचं काही?"

बन्सी म्हणाला की ओम त्याच्या वाटेत उभा राहतो, आणि ओम म्हणाला की बन्सी वेळेवर पळतच नाही, आणि दोघं तिथेच भांडायला लागले, आणि आणखी कोणी तिसराच मधे पडला. शिट्टी झाली तरी त्यांचं चालूच होतं. नानांनी त्यांना ढकलत मैदानावर घातलं. मी बाकापर्यंत सरळ चालत जायचा प्रयत्न केला, अर्ध्या वाटेत तो सोडून दिला आणि आजवर लपवलेलं सगळं लंगडणं एकदम लंगडून घेतलं. बसलो. नाना शेजारी येऊन बसले.

"लई लागलं का रं?" त्यांनी विचारलं.

"लागलं की."

"गुडघ्याला?"

"नाही."

"मग ठीक हाय," नाना म्हणाले, आणि त्यांनी तो न कळणारा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी त्यावर माझा ठेवला. समोर पार्थनं चेंडू घेतला, उजवीकडे झुकल्यासारखं केलं आणि डावीकडून सुटला, जिथून मला पावसाळ्यापासून सुटता आलं नव्हतं. अडवणारा पोरगा जागच्या जागी पडला. मी बाकावरून उठलो, गुडघा कळवळला, आणि मी मोठमोठ्यानं ओरडत होतो, "जा, पार्थ, जा, जा, जा!"